काय केलंस, की काय झालं?

परीक्षा संपून सुट्टी लागली की आमच्या घरात दोन आवाज दिवसभर चालू असतात. एक घरामागच्या भातगिरणीचा आणि दुसरा नातवाच्या कॉम्प्युटरमधल्या गाड्यांचा. गिरणीच्या आवाजाची मला चाळीस वर्षांची सवय आहे. गाड्यांच्या आवाजाचीही होत आली होती, पण या एप्रिलमध्ये एका दुपारी तो आवाज मध्येच अडकला. घर्रर्र असा एकच सूर, आणि पडद्यावरची लाल गाडी वळणावर तशीच उभी. नातू कीबोर्डवर हात ठेवून नुसता बघत बसलेला.

स्वयंपाकघरातून सूनबाईंचा आवाज आला, "काय केलंस रे आता?"

"मी काहीच नाही केलं!"

"मग काय, आपोआप झालं?"

त्यानंतर आठवडाभर रोज हाच संवाद. दरवेळी तो ऐकताना माझ्या पोटात कसंसंच व्हायचं. त्याचं कारण पुढे सांगते. आधी गेमचं काय झालं ते सांगते, कारण त्यातून मला जे पटलंय ते तुमच्याही उपयोगाचं आहे असं वाटतं.

घरात कॉम्प्युटर बिघडला की प्रत्येकजण डॉक्टर होतो. मुलगा रात्री नेरळहून घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "व्हायरस असेल. रविवारी फॉरमॅट मारून टाकू." शेजारचा मुलगा म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड गेलंय, काकू." दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "आणून ठेवा. विंडोज टाकून देतो, रॅम बदलतो, एसएमपीएस पण बदलू. एकदाच काय ते होऊन जाऊ दे." सूनबाईंचं निदान सगळ्यात सोपं होतं : "रात्रंदिवस खेळल्यावर मशीन तरी काय करणार? बरं झालं बंद पडलं."

मी मराठीची बी.ए. झालेली बाई. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. कॉम्प्युटरचं माझं शिक्षण म्हणजे पन्नाशी उलटल्यावर केलेलं एमएस-सीआयटी. पण एवढं कळत होतं की चौघांची चार निदानं असताना एकानेही अजून रोग्याची नाडी पाहिलेली नाही. आणि फॉरमॅट म्हणजे निबंधात चूक कुठे आहे ते न बघता अख्खी वहीच फाडून टाकणं. शिवाय त्या मशीनवर ह्यांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो होते. मी म्हटलं, रविवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

नातवाला एक दोनशे पानी वही दिली आणि रकाने आखायला लावले. तारीख, वेळ, कोणता गेम, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, आणि नेमकं काय झालं. त्याची पहिली नोंद होती : "गेम बंडल आहे म्हणून बंद पडला." मी लाल पेनाने खोडली. "हे कारण झालं. कारण तुला अजून माहीत नाही. जे डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिही." तो जरा चिडला, पण लिहायला लागला.

चार दिवसांत बारा नोंदी झाल्या आणि एक गंमत लक्षात आली. आम्ही सगळे ज्याला एकच आजार समजत होतो, ते तीन होते.

पहिला, अडकणं. चित्र जागच्या जागी थांबतं आणि आवाज घरघरत राहतो. इथे नातवाने मला एक छान युक्ती दाखवली. अशा वेळी कॅप्स लॉकचं बटण दाबून त्याचा दिवा लागतो का ते पाहायचं. लागत असेल तर मशीन जिवंत आहे, बहुधा नुसता गेम अडकलाय. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि तेवढाच गेम बंद करायचा. दिवाही लागत नसेल तर मशीनच गोठलं. आमचा दिवा लागत नव्हता.

दुसरा, अख्खं मशीन फटकन बंद होऊन पुन्हा सुरू होणं. पडद्यावर सूचना नाही, काही नाही.

तिसरा, मशीन व्यवस्थित चालू, पण गेम आपल्याला बाहेर फेकून देतो आणि समोर डेस्कटॉप दिसतो.

वही नीट वाचली तर त्यात वेळापत्रकही होतं. अडकणं दुपारचं, साधारण वीस मिनिटांनी. सकाळी सातला खेळलं तर तास तास काही होत नाही. बंद पडून सुरू होणं फक्त संध्याकाळी सात ते नऊ. आणि बाहेर फेकणं कधीही, पण दरवेळी एकाच शर्यतीत, पूल ओलांडला की. गेम बदलूनही पाहिला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' नावाचा गेम आहे, २०२० साली आलेला. आपल्या पुराणकथांवर बेतलेला आहे, म्हणून मीही थोडा वेळ बघत बसले. दुपारी तो खेळतानाही मशीन गोठलं. म्हणजे अडकण्याचा दोष गाड्यांच्या गेमचा नव्हता.

मग एकेक आजार घेतला. नियम एकच होता, एका वेळी एकच बदल करायचा आणि दोन दिवस बघायचं. नातवाला सगळं एकदम करायचं होतं. मी म्हटलं, तीन औषधं एकदम घेतलीस तर बरं कशाने झालं ते कळणार कसं? आणि पुढच्या वेळी काय करशील?

दुपार आणि वीस मिनिटं म्हणजे उष्णता, हे मलाही कळलं. आमच्या कर्जत तालुक्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम नातवाने लावला. गेम सुरू करून पंधरा मिनिटांत प्रोसेसर पंच्याण्णव अंशांवर! शंभराच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःला मंद करतो आणि त्याहूनही तापला तर जीव वाचवायला मशीन बंद करतो. प्लग काढून कॅबिनेटचं झाकण उघडलं तर आत अक्षरशः गिरणीचं तूस. पंख्याखालच्या पत्र्यांमध्ये ते असं दाबून बसलं होतं की वाऱ्याला वाटच नव्हती. रंगाच्या मऊ ब्रशने ते काढलं. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, वाऱ्याने गरागरा फिरू द्यायची नाहीत, हे तेव्हा शिकले. प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात मी माझ्या जुन्या खोडरबराने पुसले. (हा दुसरा बदल झाला, नियम मोडला, हे कबूल करते. खोडरबर हातात आल्यावर राहवलं नाही.) तापमान चौऱ्याहत्तरवर आलं. अडकणं थांबलं. रॅमबद्दलची शंका फिटावी म्हणून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून ठेवला. सकाळी एकही चूक नाही. रात्रभर परीक्षा देऊन पैकीच्या पैकी मिळवणारा असा विद्यार्थी माझ्या नोकरीत मला भेटला नाही.

संध्याकाळचं बंद पडणं मात्र तसंच होतं. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक रोजनिशी असते, मशीन स्वतःच लिहीत असतं. त्यात दर संध्याकाळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद होती. पुष्कळांना वाटतं की हा त्या रोगाचा नंबर. तसं नाही. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती नोंद सांगते, कारण सांगत नाही. कारण आपणच शोधायचं. संध्याकाळी सात ते नऊ काय होतं? आमच्या पंख्याचा वेग कमी होतो, हे तर कॉम्प्युटर नसतानाही माहीत होतं. खोपोलीला १९१५ साली आणि इथे भिवपुरीला १९२२ साली टाटांची जलविद्युत केंद्रं सुरू झाली. आमच्या दाराशी पडणाऱ्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आणि शंभर वर्षांनी आमच्या आळीत संध्याकाळी दिवा मंद! असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

पण दिवा मंद होतो म्हणून मशीन बंद का पडावं? शेजारच्या मुलाचं मशीन त्याच आळीत, त्याच वेळी चालू असतं. म्हणून त्याचा एसएमपीएस, म्हणजे विजेचं रूपांतर करून सगळ्या भागांना पुरवणारा तो डबा, दोन संध्याकाळपुरता मागून आणून जोडला. दोन्ही दिवस मशीन एकदाही बंद पडलं नाही. आमचा परत लावला, साडेसातला फटकन गेलं. म्हणजे जुना झालेला आमचा डबा व्होल्टेज घसरल्यावर गेमचा भार उचलू शकत नव्हता. ग्राफिक्स कार्ड बिचारं निर्दोष होतं. नवा एसएमपीएस आणला, प्रश्न मिटला. एक सांगून ठेवते, हा डबा बदलावा, पण कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहते.

राहिलं पुलाजवळ बाहेर फेकणं. दरवेळी एकाच जागी होतं, म्हणजे त्या जागेची फाइल खराब असणार. मशीन पुन्हा पुन्हा मध्येच बंद पडलं की डिस्कवरच्या फाइली बिघडू शकतात. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सगळ्या फाइली तपासून घेण्याची सोय आहे. तपासल्या. दोन खराब निघाल्या आणि तेवढ्याच पुन्हा उतरल्या. पूल पार झाला आणि घरात आरोळी उठली. फॉरमॅट मारला असता तर साठ जीबीचा गेम आमच्या इंटरनेटवर पुन्हा उतरवत बसावा लागला असता, आणि तूस आणि एसएमपीएस जिथल्या तिथेच राहिले असते. विंडोज नवीन, रोग जुना.

आता माझं म्हणणं सांगते. बिघाड झाला की आपण कारण शोधायच्या आधी आरोपी शोधतो. आणि आरोपी नेहमी तोच, ज्याचा हात त्या वेळी बटणावर होता. हे आपल्याच घरात चालतं असंही नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर २०२३-२४ मध्ये गेम सारखे कोसळत होते. पडद्यावर सूचना यायची ग्राफिक्सची मेमरी संपल्याची. लोकांनी कार्डाला दोष दिला, ड्रायव्हरला दिला, गेम करणाऱ्यांना दिला. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की प्रोसेसरच्या आतल्या मायक्रोकोडमुळे तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण जे प्रोसेसर आधीच खराब झाले होते ते दुरुस्तीनेही सुधारणारे नव्हते. याच्या उलटही होतं. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला तेव्हा दोष खरोखरच गेममध्ये होता. सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला, आणि तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. त्या दिवसांत किती आईबापांनी मुलांना "काय केलंस?" म्हणून विचारलं असेल!

म्हणून "काय केलंस?" हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं. मूल घाबरतं, "काहीच नाही" म्हणतं, आणि खरी माहिती तिथेच संपते. "काय झालं?" असं विचारलं तर तेच मूल सांगायला लागतं की आधी आवाज अडकला, मग चित्र थांबलं, पंखा जोरात फिरत होता. निदानाला हेच लागतं.

सूनबाईंचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मुलाने किती वेळ खेळावं हा प्रश्न खरा आहे आणि तो सोडवायला हवा. यंदा तर त्याचं दहावीचं वर्ष. पण तो प्रश्न त्याच्याशी बसून, बोलून सोडवायचा. मशीन बिघडलं ही देवाने दिलेली शिक्षा समजून गप्प बसणं म्हणजे पालकपण यंत्रावर ढकलणं झालं. उलट त्या दोन आठवड्यांत नातवाने निरीक्षण, नोंद, अंदाज आणि पडताळा हे सगळं स्वतःच्या हाताने केलं. शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला आम्ही 'संगणकाचे भाग' पाठ करून घ्यायचो. त्याने मला जेवढं शिकवता आलं नाही, तेवढं त्या तुसाने शिकवलं.

आणि आता ते पोटात कसंसं होण्याचं कारण.

साधारण २००४ सालची गोष्ट. आमच्या शाळेत चार कॉम्प्युटर आले होते आणि एमएस-सीआयटी केलेलं म्हणून त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. शाळेत भारनियमनाच्या वेळा सांभाळून मुलांना आळीपाळीने बसवायचे. आठवीत वाडीवरचा एक मुलगा होता. फारसं बोलायचा नाही, पण मधल्या सुट्टीत खोलीच्या खिडकीशी उभा असायचा. एकदा त्याची पाळी आली. पाचच मिनिटं विंडोजमधला तो चेंडूचा गेम, पिनबॉल, खेळू दिला. चेंडू वर गेला आणि तिथेच थांबला. पडदा गोठला. काही केल्या हलेना.

मी विचारलं, "काय केलंस? कुठलं बटण दाबलंस?"

तो काही बोलला नाही. मी सगळ्या वर्गासमोर त्याला खुर्चीवरून उठवलं आणि वर्ष संपेपर्यंत त्या खोलीत यायचं नाही म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी दुरुस्ती करणारा माणूस आला. झाकण उघडून म्हणाला, "मॅडम, आतला पंखाच फिरत नव्हता. बरेच दिवस झाले असतील." मी बिलावर सही केली. मुलाला बोलावून सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता वर्ष संपलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, आणि मुलांपुढे बाईंची चूक झाली असं म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती, असं मी स्वतःला समजावलं.

तो मुलगा आता नेरळ-कळंब शेअर रिक्षा चालवतो. अनेकदा दिसतो, "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणतो. मागच्या महिन्यात बँकेच्या कामाला नेरळला गेले होते, येताना त्याचीच रिक्षा मिळाली. बाकीचे वाटेत उतरले. कळंब जवळ आलं तसं मी सांगून टाकलं. म्हटलं, तो कॉम्प्युटर तुझ्यामुळे बंद पडला नव्हता. पंखा बिघडला होता. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी तुला सांगितलं नाही.

तो बराच वेळ रस्त्याकडे बघत चालवत राहिला. मग म्हणाला, "बाई, मला वाटायचं माझ्याच हाताने गेला तो. घरी पण नव्हतं सांगितलं. भरून द्यायला लागले तर काय, म्हणून." थोड्या वेळाने हसून म्हणाला, "अजून पण फोनमध्ये काय नवीन आलं की पोरीकडे देतो. म्हणतो, तूच दाब."

मी उतरले. त्याने भाडं घेतलं, सुट्टे पैसे मोजून परत दिले आणि पुढे गेला. क्षमा केली की नाही ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वीस वर्षं एका माणसाचं बोट बटणापाशी अडखळत राहिलं, आणि त्याला कारण माझा एक प्रश्न. तो आता कुठल्याही दुरुस्तीने मागे घेता येत नाही.

म्हणून तुम्हा सगळ्यांना, विशेषतः आपल्या घरातल्या तरुण आईबापांना, एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी पोराचा गेम अडकला, मोबाईल गोठला, टीव्ही बंद पडला, तर आवाज चढवायच्या आधी एकदा "काय झालं?" एवढं विचारून बघा.

आमची ती वही आता फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. नातू अभ्यासाला लागलाय, त्यामुळे त्याच्या नोंदी कमी झाल्यात. कालची नोंद सूनबाईंच्या अक्षरात आहे : "मिक्सर. मंगळवार, सकाळी ८. चालू होऊन दोन सेकंदांत बंद. जळका वास नाही."

कारणाचा एक शब्दही लिहिलेला नाही. मी लाल पेन उचललाच नाही.